पडलेलं युकुलेले घ्यावं का?

गेल्या शनिवारी कर्वेनगरात एक युकुलेले बघून आलो आणि तेव्हापासून डोक्याचा पार भुगा झालाय. आठवडाभर ऑफिसात स्क्रीनकडे बघत होतो आणि डोळ्यांसमोर येत होती ती लाकडातली एक ९ सेंटिमीटरची रेघ. आज विकांत आहे, चहाचा दुसरा कप संपलाय आणि उद्या दुपारपर्यंत मला हो किंवा नाही ते कळवायचंय. म्हटलं, लिहूनच काढावं. लिहिलं की निदान आपण स्वतःला कुठे गंडवतोय ते तरी कळतं.

वाद्य चांगलं आहे. टेनर आकाराचं, म्हणजे साधारण २६ इंच लांबीचं, सगळंच्या सगळं अकेशियाच्या सलग लाकडाचं. प्लायवुड नाही. नवं घ्यायला गेलं तर २४ हजारांच्या घरात. विकणारी मुलगी एमएस करायला जर्मनीला चाललीय, सामानात ते बसत नाहीये, म्हणून विकायचंय. किंमत सांगितली ९ हजार. मी पिशवीच्या चेनला हात घालायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, आधीच सांगते, हे फुटलेलं होतं. दुरुस्त केलेलं आहे. चालणार असेल तरच बघा."

म्हटलं, बघायला काय जातंय!

झालं होतं असं, की गेल्या वर्षी विमानप्रवासात तिने ते मऊ पिशवीतच सामानात टाकलं. घरी येऊन उघडलं तर वरच्या फळीला ब्रिजच्या शेजारून खालच्या कडेपर्यंत चीर गेलेली, ब्रिज एका बाजूने उचललेला आणि आतली एक आडपट्टी सुटलेली. पेठेतल्या एका कारागिराकडून तिने ते नीट करून घेतलं. त्याचं अडीच हजारांचं बिल दाखवलं. फुटलेलं असतानाचे सात-आठ फोटो दाखवले. मग मी वाजवून पाहिलं. आणि वाजवलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय. गोड आवाज आहे हो! माझ्याकडच्या तीन हजारवाल्या प्लायवुडच्या डब्यासमोर तर काही बोलायचीच सोय नाही.

आता एवढं सगळं असताना माणूस अडतो कुठे? अडतो, कारण मी एकदा पोळलेलो आहे.

२०२१ साली आमच्याच टीममधल्या एकाकडून मी गिटार घेतली होती. स्टीलच्या तारांची, काळ्या रंगाची, चकाचक. १४ हजार मोजले. वर्षभर मजेत वाजवली. २०२२ च्या मे महिन्यात एका रात्री हॉलमध्ये काडकन आवाज झाला. मला वाटलं, मांजराने काहीतरी पाडलं. जाऊन बघतो तर गिटार स्टँडवर जिथल्या तिथे उभी आणि खुंट्यांचं डोकं मोडून तारांना लोंबकळतंय. मोडलेल्या जागी पिवळट डिंकाचा जाड थर. म्हणजे ती आधीच एकदा तिथेच मोडली होती, चिकटवली होती आणि वरून काळा रंग फासला होता. मी त्या मित्राला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

पैसे गेले ते गेले. पण त्यानंतर आम्ही दोघं एकाच मजल्यावर दोन वर्षं काम केलं आणि चहाला कधी एकत्र गेलो नाही. तेव्हापासून 'रिपेअर्ड' हा शब्द ऐकला की माझ्या कानात ते काडकन वाजतं.

तर उद्याचा प्रश्न ९ हजारांपुरता नाही. ज्या वस्तूला एकदा तडा गेलाय, तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर टाकायचा, असा तो प्रश्न आहे.

घरी विषय काढला. आईचं उत्तर ठरलेलं. "भंगलेली वस्तू पैसे देऊन घरात आणतात का कोणी? तुला नवं परवडत नाही का?" मी लगेच वकिली पवित्रा घेतला. म्हटलं, आई, तुझ्या तंबोऱ्याचं काय मग? आमच्याकडे आईचा मिरजेचा तंबोरा आहे. मी शाळेत जायच्याही आधी, घर बदलताना, त्याच्या भोपळ्याला चीर गेली होती. बाबा तो मिरजेला घेऊन गेले आणि जोडून आणला. आई आजही रोज सकाळी त्याच्यावरच बसते. जोड कुठे आहे ते माहीत असलं तरच दिसतो. मला वाटलं, जिंकलो!

आई म्हणाली, "तो फुटला तेव्हा माझाच होता. आपलं फुटलं तर आपण जोडतो. दुसऱ्याचं फुटलेलं विकत कशाला घ्यायचं?"

आता बोला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं मिळून माझ्याकडे याला तयार उत्तर नव्हतं. पूर्ण आठवडा मी याच एका वाक्याला उत्तर शोधतोय.

गंमत म्हणजे मोठमोठे लोकही आईच्याच बाजूचे निघतात. अमेरिकेतला गायक विली नेल्सन याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६९ साली त्याची गिटार एका दारुड्याच्या पायाखाली आली. ती त्याने नॅशव्हिलला दुरुस्तीला पाठवली, तिथल्या माणसाने सांगितलं की हे काही नीट व्हायचं नाही. मग त्याने त्या बदल्यात मार्टिन कंपनीची नायलॉनच्या तारांची दुसरी गिटार घेतली. तीच ती 'ट्रिगर'. तिच्यावर तो दशकानुदशकं वाजवत राहिला. वाजवून वाजवून वरच्या फळीला चांगलं मोठं भोक पडलं. पण ती त्याने टाकली नाही. ऑस्टिनमधल्या कारागिराकडून आतून आधार देऊन, पॉलिश करून घेत राहिला. म्हणजे भोक पडलेली चालते, पण ती आपली असली पाहिजे. विली नेल्सन दुसऱ्या कोणाची भोक पडलेली गिटार विकत घेईल का? मला शंका आहे.

पण मग नीट विचार केला. आपल्या फुटलेल्या वस्तूवर आपला विश्वास का असतो? प्रेम हे एक कारण झालंच. पण दुसरं, जास्त व्यवहारी कारण असं, की आपल्याला सगळं माहीत असतं. ती कशी पडली, कुठे फुटली, कोणी जोडली, जोडणारा काय म्हणाला, त्यानंतर किती वर्षं टिकली. आईला तिच्या भोपळ्याची चीर पाठ आहे. पावसाळ्यात ती त्या जागेवरून बोट फिरवून बघते, मी पाहिलंय. माझ्या त्या काळ्या गिटारीच्या बाबतीत मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वस्तू हातात आली, पण तिची हकिकत विकणाऱ्याकडेच राहिली.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. दोन माणसं एकच बग दुरुस्त करतात. एक जण कमिट मेसेजमध्ये लिहितो, काय बिघडलं होतं, का बिघडलं होतं, काय बदललं आणि काय अजून बाकी आहे. दुसरा लिहितो, 'किरकोळ दुरुस्ती'. कोड दोघांचाही चालतो. पण रात्री दोन वाजता फोन वाजला की आपण कोणाच्या नावाने बोटं मोडतो, ते सांगायला नको. :-)

म्हणून माझं मत हे असं बनत चाललंय. फुटून जोडलेलं वाद्य घ्यायला हरकत नाही, पण त्यासोबत त्याची हकिकत पूर्ण मिळाली पाहिजे. ती नसेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नये. आणि हकिकत मिळाली तरी ती लाकडाशी ताडून बघितली पाहिजे. नुसत्या गोड बोलण्यावर जाऊ नये. या आठवड्यात मी ते ताडून बघायचं काम केलं. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, चीर कोणत्या दिशेने आहे. लाकडाच्या रेषांना समांतर गेलेली चीर आणि रेषा तोडून आडवी गेलेली मोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणून नुसत्या कोरड्या हवेनेही पडणाऱ्या चिरा रेषांच्या बाजूने धावतात. अशा चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींत नीट बसतात, आणि स्वच्छ कडांना चांगला डिंक लागला तर तो जोड आजूबाजूच्या लाकडापेक्षाही पक्का होऊ शकतो. उलट तंतू तुटून आडवं मोडलं, की डिंकाला धरायला तंतूंची नुसती टोकं मिळतात आणि टोकांना डिंक फार धरत नाही. माझ्या काळ्या गिटारीचं तेच झालं. गिटारींची डोकी मागे कललेली असतात, गिब्सनच्या लेस पॉलमध्ये तर १७ अंशांनी, आणि त्या कलामुळे लाकडाचे तंतू नेमके तिथेच आखूड पडतात. कर्वेनगरातली चीर रेषांना समांतर आहे. पास.

दुसरी गोष्ट, त्या जागेवर ताण किती. युकुलेलेची इथे एक जमेची बाजू आहे. चार नायलॉनच्या तारा, सगळ्यांचा मिळून ताण साधारण १५ ते २० किलो. सहा स्टीलच्या तारांच्या गिटारीवर हाच ताण ७० किलोंच्या आसपास जातो. म्हणजे गिटारीत जी दुरुस्ती धोक्याची, ती युकुलेलेत बऱ्याचदा निभावून जाते. पण इथली चीर ब्रिजच्या शेजारी आहे, आणि जो काही ताण आहे तो ब्रिजच खातो. त्यामुळे स्टीलची पट्टी घेऊन ब्रिजच्या मागे आडवी ठेवून पाहिली. फळी फुगलीय का, ब्रिज पुढे झुकलाय का, त्याच्याखाली कागद शिरतोय का. कागद शिरला नाही. फुगवटा अगदी किंचित आहे, तो धडधाकट वाद्यातही असतो.

तिसरी गोष्ट, आत काय केलंय. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन गेलो होतो. मुलगी हसली, पण तिने आरसा धरायला मदत केली. चिरेच्या खालून चार छोट्या पातळ चकत्या लावल्यात, रेषांना आडव्या, म्हणजे चीर पुन्हा उघडायला बघेल तर त्या तिला धरून ठेवतील. कडेने डिंकाचे ओघळ नाहीत. हे महत्त्वाचं, कारण युकुलेलेचा सगळा जीव त्याच्या हलकेपणात आहे. मार्टिन कंपनीने १९०७ च्या सुमारास पहिल्यांदा युकुलेले बनवली, तेव्हा ती गिटारीसारखी भक्कम बनवली, आतून आधाराच्या पट्ट्याही भरपूर. ती वाजेचनात. पुढे १९१६ च्या सुमारास हलक्या बांधणीची केली तेव्हा कुठे ती चालली. तर जोड पक्का करायच्या नादात कोणी आत इपॉक्सीची खीर ओतली असेल, तर फुटणार नाही हे खरं, पण वाजणारही नाही.

चौथी गोष्ट, कशाने चिकटवलंय. जुन्या पद्धतीचा सरस असेल तर उत्तम, कारण उष्णता आणि ओलावा दिला की तो सुटतो आणि पुढच्या कारागिराला पुन्हा काम करता येतं. लाकडाचा चांगला डिंक असेल तरी चालतं. झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी असेल तर पुढची दुरुस्ती म्हणजे आधी खरवडकाम, कारण वाळलेल्या डिंकावर नवा डिंक धड बसत नाही. माझ्या काळ्या गिटारीतला तो जाड पिवळट थर तुम्हाला आठवत असेलच.

आता हे चौथं बघून कळत नाही, विचारावंच लागतं. म्हणून बिलावरच्या पत्त्यावर गुरुवारी संध्याकाळी जाऊन धडकलो. अरुंद बोळातलं दुकान, वर टांगलेल्या हार्मोनियमच्या भात्यांखालून वाकून आत जावं लागतं. मी फोटो दाखवला. कारागिराला वाद्य लगेच आठवलं. म्हणाला, "ते बाईंचं छोटं होय? सरस लावलाय साहेब. ब्रिज पूर्ण काढून परत बसवला. पट्टी चिकटवली. पण एक सांगतो, मागच्या बाजूला कडेला जोड किंचित उघडला होता, तो मी दाबून घेतलाय, पण उन्हाळ्यात बघत राहा. आणि आवाज पहिल्यासारखाच्या पहिल्यासारखा आहे असं मी नाही म्हणणार. मी पहिला ऐकलाच नव्हता."

खरं सांगतो, हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझा निम्मा निर्णय झाला. 'एकदम नव्यासारखं केलंय' असं तो म्हणाला असता तर मी परत फिरलो असतो. काय नीट केलंय हे कोणीही सांगतो. काय राहिलंय हे सांगणारा माणूस विरळा. आणि त्या मुलीलाही हे माहीत नव्हतं. मी तिला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे बापरे, मग किंमत कमी करू का?" कमी करायला ती आपणहून तयार झाली, मी काही बोललो नव्हतो.

युकुलेलेचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली होती, तीही इथे आठवली. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांत काम करायला होनोलुलूत उतरली. त्यांच्यात मान्वेल नुनेस, झोझे दो इश्पिरितू सांतू आणि औगुश्तू दियश हे तिघे होते. तिघंही लाकूडकाम करणारे. मदेरातल्या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून त्यांनी हवाईत जे बनवलं ते हे युकुलेले. म्हणजे मुळात सुतारांच्या हातचं वाद्य. ते सुताराच्या हातून नीटही व्हायला हवं, यात आश्चर्य काय?

आपल्याकडे तर हे कोणाला सांगायलाही नको. मिरजेच्या सितार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी नव्या वाद्यांबद्दल लिहिलं. पण तिथे जुनी वाद्यं दुरुस्तीलाही येतात. जवारी बसली की ती पुन्हा काढायची, भोपळ्याला चीर गेली की जोडायचा, खुंट्या सैल झाल्या की नव्या करायच्या. गवयाच्या घरात 'हा तंबोरा कधी दुरुस्त झालेला नाही' असं कोणी अभिमानाने सांगत नाही. सांगितलं तर ऐकणाऱ्याला शंका यायची, की वाजवतात की नाही!

आता पैशाचं. इथे लोक एक चूक करतात, मीही करत होतो. ते नव्याच्या किमतीशी तुलना करतात. २४ चं ९ ला, म्हणजे लॉटरी! तसं नसतं. तुलना न फुटलेल्या जुन्या वाद्याशी करायची. अशी टेनर मी दोन-तीन महिने बघतोय, ती १४-१५ हजारांना मिळतात. त्यातून एका पुढच्या दुरुस्तीचे अडीच हजार वजा करायचे, ती लागणार असं धरूनच. राहिले साधारण १२. शिवाय हे उद्या विकायला गेलो तर मलाही 'फुटलेलं होतं' हे सांगावं लागेल, आणि सांगितलं की पन्नासातले चाळीस जण परत जातील. त्यामुळे ते परत विकून पैसे येतील हे डोक्यातून काढूनच टाकायचं. ज्याला दोन वर्षांनी वाद्य बदलायचंय त्याने हे घेऊच नये. ज्याला वाजवायचंय त्याने घ्यावं. या हिशोबाने ९ हजार महाग नाही. कडेच्या जोडाचं कळल्यावर आम्ही ८ वर आलो, दोघांनाही पटलं.

आणि हो, हे सगळं सलग लाकडाच्या वाद्यापुरतं. प्लायवुडचं स्वस्त युकुलेले फुटलेलं असेल तर कितीही छान चिकटवलेलं असो, सोडून द्या. दुरुस्तीच्या खर्चात जवळपास नवं येतं, आणि पापुद्रे सुटलेलं प्लायवुड नीट करण्यात कारागिराचाही वेळ फुकट.

राहता राहिला पुण्यातला पावसाळा. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते, की ओठ फुटतात, मग लाकूड का फुटणार नाही? आणि जून-जुलैत तीच हवा इतकी दमट, की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. वाद्यांना साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे ती वर्षातले किती दिवस असते ते देवाला ठाऊक. पण मग लक्षात आलं, हे वाद्य दुरुस्तीनंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून उभं आहे. म्हणजे जोडाची परीक्षा होऊन गेलीय. कालच दुरुस्त झालेलं वाद्य असतं तर मी म्हटलं असतं, एक वर्ष थांबा. ही सूचना मला कोणी दिली नव्हती, पण आता मी सगळ्यांना देईन. जोड कितीही सुंदर असो, त्याने आपला एक उन्हाळा बघितलेला असावा.

असो. आता आईच्या वाक्याकडे. "दुसऱ्याचं फुटलेलं विकत कशाला घ्यायचं?"

माझं उत्तर असं, की दुसऱ्याची फुटलेली वस्तू घ्यायचीच झाली तर ती आपली करून घ्यायची जबाबदारीही घ्यावी लागते. फोटो बघायचे, कारागिराला भेटायचं, कुठे बोट फिरवून बघायचं ते शिकून घ्यायचं. एवढं करायची तयारी नसेल तर आईचं बरोबर आहे, नवं घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. पण विकणाऱ्याने सगळं सांगितलं, जोडणाऱ्याने राहिलेलंही सांगितलं आणि तरीही केवळ 'फुटलं होतं' म्हणून आपण पाठ फिरवली, तर त्याचा परिणाम काय होतो? पुढच्या वेळी तो विकणारा काळा रंग फासायला शिकतो. खरं सांगणाऱ्याचा माल पडून राहतो आणि लपवणाऱ्याचा खपतो. माझ्या त्या मित्राला "तू विचारलंच नाहीस" म्हणायला कोणी शिकवलं असेल? कदाचित त्याने पूर्वी कोणालातरी खरं सांगितलं असेल आणि समोरचा उठून गेला असेल. हे मला या आठवड्यात पहिल्यांदा सुचलं. त्याने त्याची चूक माफ होत नाही. पण माझा राग थोडा पातळ झाला, हे मात्र खरं.

हे सगळं आईला जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कडेचा जोड सुटला तर तोच माणूस करून देईल ना? दुकान चालू आहे ना त्याचं?" म्हटलं, हो. "मग आण. आणि पंख्याखाली ठेवू नकोस. माझ्या तंबोऱ्याशेजारी कोपऱ्यात ठेव, तिथे ऊन येत नाही."

उद्या अकराला कर्वेनगरला जातोय. ८ हजार रोख काढून ठेवलेत, आणि तिच्याकडून ते सात-आठ फोटो आणि बिलही मागून घेणार आहे. पुढेमागे कधी हे मला कोणाला द्यावं लागलं, तर सोबत द्यायला.